न्यायाधीश स्यूअलची चिठ्ठी: बोस्टनमधल्या एका घराचे आणि गावाचे प्रकरण

सॅम्युअल स्यूअल नऊ वर्षांचा असताना, १६६१ च्या उन्हाळ्यात, आई आणि भावंडांबरोबर इंग्लंडहून बोस्टनला उतरला. वसाहत त्याच्या घराण्याला नवी नव्हती. आजोबा आणि वडील आधीच मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूबरी गावात जमीन घेऊन राहिले होते आणि आईवडिलांचे लग्नही तिथेच झाले होते. पुढे कुटुंब इंग्लंडला परत गेले. सॅम्युअलचा जन्म तिकडचा, १६५२ चा. नंतर सगळे पुन्हा न्यूबरीला आले ते कायमचेच.

हार्वर्डमधून तो १६७१ मध्ये पदवीधर झाला. १६७४ पासून, म्हणजे इकडे रायगडावर राज्याभिषेक झाला त्या वर्षापासून, त्याची रोजनिशी आपल्या हाती आहे. मधली काही वर्षे गहाळ आहेत, तरी ती थेट १७२९ पर्यंत, पंचावन्न वर्षांचा पल्ला गाठते. वसाहतकाळातल्या नागरिकाचे घर आणि त्याचे सार्वजनिक आयुष्य एकत्र पाहायचे असेल तर यासारखे दुसरे प्रकरण मला माहीत नाही. मुलाचे दुखणे, कोर्टाची तारीख, गव्हर्नरकडची मेजवानी, शेजाऱ्याची मयत, सगळे एकाच पानावर येते. या माणसाने पाच वर्षांच्या आत दोन गोष्टी केल्या. १६९२ मध्ये चेटकाच्या आरोपावरून निरपराध माणसांना फाशी देणाऱ्या न्यायालयात तो बसला, आणि मग भर चर्चमध्ये उभा राहून त्याचा दोष त्याने स्वतःच्या नावावर घेतला. पहिलीपासून दुसरीपर्यंत तो कसा पोचला, आणि त्यात त्याच्या घराचा वाटा किती, हे मला इथे तपासायचे आहे.

सासऱ्याचे घर

फेब्रुवारी १६७६ मध्ये त्याचे लग्न हॅना हलशी झाले. जॉन हल हा वसाहतीच्या टांकसाळीचा प्रमुख होता. पाइन वृक्षाचे चित्र असलेले शिलिंग त्याच्याच भट्टीतून निघत. हॅना त्याची एकुलती एक जगलेली मुलगी. लग्नात सासऱ्याने तराजूच्या एका पारड्यात मुलीला बसवले आणि दुसऱ्यात शिलिंग ओतून तिची तुला केली, अशी आख्यायिका पुढे अमेरिकेत घरोघरी पोचली. प्रत्यक्षात ठरलेली रक्कम पाचशे पौंड होती. पाचशे पौंड म्हणजे दहा हजार शिलिंग. एक शिलिंग साधारण ७२ ग्रेनचे (सुमारे ४.७ ग्रॅम), तेव्हा सगळ्यांचे वजन सेहेचाळीस-सत्तेचाळीस किलो भरते. ते एखाद्या तरुणीच्या वजनाच्या इतके जवळ जाते की आख्यायिका कुठून निघाली असेल ते कळते.

स्यूअल घरजावई झाला. बोस्टनच्या मुख्य रस्त्यावरच्या हल यांच्या घरात तो राहायला गेला. सासरे १६८३ मध्ये गेले, सासूबाई जुडिथ त्यानंतर बारा वर्षे त्याच घरात होत्या. सासऱ्यांचा व्यापार आणि जमिनी सांभाळता सांभाळता गावाची कामेही त्याच्याकडे येत गेली. १६८१ ते १६८४ तो बोस्टनच्या छापखान्याचा व्यवस्थापक होता. मग वसाहतीच्या विधिमंडळात गेला, नागरी सैन्याच्या तुकडीचा कप्तान झाला. रात्रीच्या पहाऱ्यावर देखरेख करायला तो गल्लोगल्ली फिरे.

सात हजारांच्या आसपास वस्तीच्या त्या गावात धर्म आणि नागरिकत्व यांच्यात रेघ नव्हती. चर्चचा सभासद होणे ही गावात पत मिळण्याची पहिली पायरी. स्यूअल पहिले मूल होण्याच्या तोंडावर, मार्च १६७७ मध्ये, साउथ चर्चचा सभासद झाला. लगेच एप्रिलमध्ये सुईणीने बाळाला दुपारच्या प्रवचनाच्या अर्ध्यावर चर्चमध्ये आणले. बापाने नाव ठेवले जॉन. पाणी लागताच बाळ आक्रसले पण रडले नाही, एवढे त्याने टिपून ठेवले आहे. हे मूल पुढच्या वर्षी गेले.

त्याच्या हट्टांचीही नोंद घ्यायला हवी, कारण पुढची चिठ्ठी त्याच मातीतली आहे. १६८६ मध्ये सैन्याच्या निशाणावर पुन्हा क्रूस लावायचे ठरले तेव्हा त्याने कप्तानपद सोडले. प्युरिटन, म्हणजे धर्मातली बाह्य चिन्हे आणि विधी नाकारणाऱ्या पंथाच्या, मनाला तो मूर्तिपूजेचा अवशेष वाटे. १६८८ मध्ये इंग्लंडच्या अधिकृत पंथाचे चर्च बांधायला त्याची जागा मागितली, तर त्याने साफ नकार दिला. न्यू इंग्लंडचे लोक जे टाळायला इथे आले तेच आपल्या जमिनीवर उभे करायचे नाही, हे त्याचे म्हणणे. नाताळ तो पाळत नसे. दर २५ डिसेंबरला दुकाने उघडी आहेत ना, लाकडाच्या गाड्या गावात येताहेत ना, हे पाहून समाधानाने लिहून ठेवी. विवेकाला पटले नाही तर पद सोडायचे आणि ते उघडपणे सोडायचे, ही सवय त्याला आधीपासून होती. म्हणूनच १६९२ मध्ये त्याने पद का सोडले नाही हा प्रश्न मला जास्त बोचतो.

१६९२

बोस्टनजवळच्या सेलममधल्या काही मुलींना झटके येऊ लागले. त्या शेजाऱ्यांची नावे घेऊन ओरडू लागल्या. स्यूअलचा सख्खा भाऊ स्टीफन सेलमलाच राहत होता आणि त्रास होणाऱ्या मुलींपैकी एकीला, पाद्री पॅरिस यांच्या बेटी नावाच्या मुलीला, त्याच्याच घरी ठेवले होते. म्हणजे हे प्रकरण स्यूअलपर्यंत आले ते नात्यातूनही आले. एप्रिलमध्ये तो चौकशी पाहायला गेला. मुली तळमळताना पाहून त्याला धडकी भरली. त्या नोंदीच्या समासात त्याने लॅटिनमध्ये ‘हाय हाय हाय, चेटूक’ असे लिहून ठेवले आहे.

मे महिन्याच्या अखेरीस गव्हर्नर विल्यम फिप्सने खास न्यायालय नेमले. नऊ न्यायाधीश, प्रमुख विल्यम स्टाउटन. स्यूअल त्यातला एक. आरोपीची छाया येऊन आपल्याला चावते, गळा दाबते, आणि ती फक्त आपल्यालाच दिसते, अशी साक्ष या न्यायालयाने ग्राह्य धरली. अशा साक्षीपुढे बचाव करणार कसा? आरोपी त्या वेळी स्वतःच्या घरी झोपलेला होता, हे सिद्ध करूनही उपयोग नव्हता. नऊपैकी नॅथॅनिएल सॉल्टनस्टॉल लवकरच बाहेर पडला. बाकीचे बसले. सप्टेंबर संपेपर्यंत एकोणीस जणांना फाशी झाली. जाइल्स कोरी या म्हाताऱ्या शेतकऱ्याने कोर्टाची कार्यवाही मान्य करायलाच नकार दिला, तेव्हा छातीवर दगड रचून त्याला चिरडून मारले. काही जण तुरुंगातच मेले.

या महिन्यांत रोजनिशी जवळजवळ गप्प आहे. एरवी कोणी कोणाला हातमोजे दिले हेही टिपणारा माणूस चार-दोन कोरड्या ओळींवर थांबतो. १९ ऑगस्टला जॉर्ज बरोज फाशी गेला. तोही हार्वर्डचाच, स्यूअलच्या एक वर्ष पुढचा. फासाखाली उभे राहून त्याने आपण निर्दोष असल्याचे सांगितले, प्रार्थना म्हटली, आणि जमलेले लोक हलले. स्यूअलने लिहिले की त्याच्या बोलण्याने अविचारी लोकांच्या मनावर बराच परिणाम झाला. समासात ‘दुःखद चेटूक’. कोरीच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवशी त्याने आणखी एक गोष्ट लिहिली: अठरा वर्षांपूर्वी कोरीवरच एका माणसाला तुडवून मारल्याचा संशय होता. ही नोंद वाचताना राग येतो. मेलेल्या माणसाची जुनी फाइल काढून स्वतःला दिलासा देण्याचा हा प्रयत्न आहे, आणि तोही तेव्हाच्या आरोपातून कोरी सुटला होता हे ठाऊक असताना.

ऑक्टोबरच्या शेवटी गव्हर्नरने न्यायालय बंद केले. त्यानंतर आठवडाभरातच, ६ नोव्हेंबरला, घरातली एक छोटी घटना येते. चार वर्षांच्या जोसेफने पितळी गोळा भिरकावला, तो बहीण बेटीच्या कपाळाला लागून रक्त आले. प्रार्थनेच्या वेळी खेळणे आणि आभाराची प्रार्थना चालू असताना खाणे हेही गुन्हे होतेच. आजीने बापाला बोलावले. बाप खोलीत शिरला तेव्हा पोरगा पाळण्याच्या डोक्याकडच्या बाजूला दडून बसला होता. ते पाहून स्यूअलला ईश्वराच्या नजरेपासून लपणारा आदम आठवला आणि वाईट वाटले. फटके मात्र त्याने चांगलेच दिले.

दोषी माणूस लपतो, ही खूण त्याने पोटच्या पोरात ओळखली. स्वतःत ती ओळखायला त्याला आणखी चार वर्षे लागली.

घरातली चार वर्षे

१६९३ मध्ये जेन झाली आणि महिनाभरात गेली. १६९५ मध्ये सासूबाई गेल्या. जानेवारी १६९६ मध्ये एका संध्याकाळी तो घरी आला तेव्हा बायको दारातच भेटली. चौदा वर्षांची बेटी जेवणानंतर एकदम हंबरडा फोडून रडली होती. तिच्या रडण्याने घरातले सगळे रडू लागले. आईने खोदून विचारल्यावर म्हणाली, मी नरकात जाईन, माझ्या पापांना क्षमा झालेली नाही. पुढे कित्येक आठवडे ही भीती तिला सोडत नव्हती आणि बाप तिच्याजवळ बसून प्रार्थना करत होता. पापाची टांगती तलवार म्हणजे काय, हे त्याच्याच घरात एक लहान मुलगी भोगत होती. मे महिन्यात हॅनाला मृत मुलगा झाला.

डिसेंबरच्या २३ तारखेला दोन वर्षांची सेरा गेली. दुसऱ्या दिवशी, घरात तिचे प्रेत असताना, अठरा वर्षांच्या सॅमने नेहमीच्या पाठाप्रमाणे वडिलांना मॅथ्यूच्या बाराव्या अध्यायातला काही भाग लॅटिनमध्ये म्हणून दाखवला. त्यातले सातवे वचन असे: मला दया हवी, यज्ञ नको, याचा अर्थ तुम्हाला कळला असता तर निर्दोषांना तुम्ही दोषी ठरवले नसते. स्यूअलने लिहिले की या वचनाने सेलमच्या शोकांतिकेची भयंकर आठवण झाली. चार वर्षांत सेलमबद्दल त्याच्या लेखणीतून असे काही उतरले नव्हते.

२५ डिसेंबरला दफन. दुपारी तो घराण्याच्या थडग्यात उतरला. जमिनीखालची खोली, आत कोरडे. सासरे, सासूबाई, एक आप्त आणि आपली सहा मुले यांच्या पेट्या कशा लावल्या आहेत ते त्याने पाहिले. सेराची पेटी आजीच्या पायाशी ठेवायला लावली. हे दृश्य भीतिदायक असूनही सुखावणारे होते, असे तो लिहितो. मला या ओळीत विकृती दिसत नाही. ज्याच्या चौदापैकी आठ मुले बालपणीच गेली, त्याच्यासाठी ते थडगे घराचीच एक खोली होते.

त्याच्या विश्वासाप्रमाणे हे मृत्यू म्हणजे ईश्वराचे फटके होते. हा तर्क आपल्याला पटणारा नाही. त्या काळात बोस्टनमधल्या कितीतरी घरांत अशीच मुले जात होती आणि त्यांच्या बापांनी कोणाला फाशी दिली नव्हती. पण म्हणून तो बाजूला सारला तर प्रकरण कळणार नाही. हाच विश्वास इतर न्यायाधीशांचाही होता, त्यांच्याही घरात मुले मेली होती. त्यांनी त्या दुःखाचा हिशेब सेलमशी जोडला नाही, याने जोडला.

चिठ्ठी

१४ जानेवारी १६९७ हा दिवस सगळ्या वसाहतीत उपासाचा आणि प्रार्थनेचा म्हणून जाहीर झाला होता. त्या सरकारी ठरावाची भाषा पाहण्यासारखी आहे: सैतान आणि त्याच्या हस्तकांनी आमच्यात उभ्या केलेल्या अलीकडच्या शोकांतिकेत जनतेकडून किंवा कोणत्याही वर्गाच्या लोकांकडून, दोन्ही बाजूंनी, ज्या काही चुका घडल्या असतील त्यांची ईश्वराने क्षमा करावी. चुका ‘घडल्या असतील’. कोणाकडून, तर जनतेकडून. मुळात काम सैतानाचे. ज्या काउन्सिलने हा ठराव काढला तिच्यात स्यूअल स्वतः बसत होता. एवढ्यावर निभावून न्यायला त्याला कोणाचीच हरकत नव्हती.

त्या दुपारी साउथ चर्चमध्ये पाद्री सॅम्युअल विलर्ड बाकांजवळून जात असताना स्यूअलने त्यांच्या हातात एक चिठ्ठी दिली. विलर्ड ती वाचू लागले तसा तो आपल्या जागी उभा राहिला आणि वाचन संपल्यावर त्याने मान लववली. चिठ्ठीत त्याने लिहिले होते की स्वतःवर आणि कुटुंबावर ईश्वराचे वारंवार फटके बसले आहेत, सेलमच्या न्यायालयामुळे जो दोष लागला त्यात आपल्या माहितीतल्या कोणाहीपेक्षा आपला वाटा अनेक कारणांनी अधिक आहे, आणि त्याचा दोष आणि लाज आपल्यावर घेण्याची आपली इच्छा आहे. माणसांची क्षमा मागतो, आणि हे पाप ईश्वराने पोटात घालावे, त्याची शिक्षा आपल्या घराण्याला किंवा देशाला होऊ नये म्हणून सर्वांनी प्रार्थना करावी.

ऐकणारे कोण होते? त्याच्याशी व्यापार करणारे, त्याच्या दाराशी खटले घेऊन येणारे, मयतीला त्याच्या शेजारून चालणारे. त्यांच्यासमोर उभे राहायचे आणि आपले पाप दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचे, याला छाती लागते.

तरीही चिठ्ठी नीट वाचली पाहिजे. फाशी गेलेल्या एकाचेही नाव तिच्यात नाही. ते निर्दोष होते असे ती सरळ म्हणत नाही. त्यांच्या विधवा, विधुर आणि पोरक्या मुलांना काय द्यायचे याबद्दल चकार शब्द नाही. पश्चात्तापाच्या मागे आपल्या उरलेल्या मुलांना वाचवण्याची धडपड आहे, आणि तो ती लपवत नाही. हे सगळे धरूनही मी ती चिठ्ठी मोठी मानतो, कारण ‘दोष आणि लाज’ घेणारा माणूस तिच्यात स्पष्ट आहे. त्याला पळवाटा कमी नव्हत्या. न्यायालय कायदेशीर होते, नेमणूक गव्हर्नरची होती, साक्षीदार शपथेवर बोलले होते. त्यांतली एकही त्याने पुढे केली नाही. त्याच सुमारास सेलमच्या बारा ज्युरींनीही क्षमापत्रावर सह्या केल्या. न्यायाधीशांपैकी जाहीरपणे उभा राहिला तो हा एकटाच. स्टाउटन, जो त्या वेळी गव्हर्नरच्या जागी काम पाहत होता, मरेपर्यंत काही बोलला नाही.

त्यानंतर

माफीची खरी परीक्षा पुढच्या वागण्यात होते. स्यूअलच्या बाबतीत तिचा निकाल संमिश्र आहे.

जून १७०० मध्ये एका काळ्या गुलाम जोडप्याच्या सुटकेचा अर्ज त्याच्यापुढे आला. गुलामीबद्दल त्याच्या मनात आधीपासून चाललेच होते. त्याच महिन्यात ‘जोसेफची विक्री’ (बायबलमधल्या, भावांनी गुलाम म्हणून विकलेल्या जोसेफवरून) ही तीन पानांची पत्रिका त्याने छापली. स्वातंत्र्याचे मोल जिवाच्या खालोखाल आहे, तेव्हा पुरता विचार केल्याशिवाय कोणी ते स्वतः सोडू नये आणि दुसऱ्याचे हिरावू नये, अशी तिची सुरुवात आहे. गुलामीविरुद्ध न्यू इंग्लंडमध्ये छापलेली ही पहिली पत्रिका मानतात. पुढच्याच वर्षी जॉन सॅफिन या व्यापाऱ्याने तिला छापील उत्तर दिले. ॲडम नावाच्या आपल्या गुलामाला मुदतीनंतर मुक्त करण्याचे वचन देऊन सॅफिनने ते मोडले होते. खटला चालला आणि १७०३ मध्ये ॲडम मुक्त झाला.

पण याच पत्रिकेत स्यूअल असेही लिहितो की काळे लोक आपल्या समाजशरीरात कधी मिसळणार नाहीत, ते त्यात साकळलेल्या रक्तासारखे राहतील. स्वातंत्र्य द्यावे हे त्याला पटले होते, शेजारी म्हणून नांदावे हे नाही. १७०५ मध्ये गोऱ्यांनी काळ्यांशी किंवा इंडियनांशी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांशी, लग्न करण्याविरुद्ध कडक विधेयक आले. त्याने खटपट करून इंडियनांना त्यातून वगळवले आणि गुलामांच्या विवाहाला मालकांनी विनाकारण आडकाठी करू नये अशी सवलत घालून घेतली. विधेयक मात्र संमत झाले. जून १७१६ मध्ये करआकारणीत इंडियन आणि काळ्या माणसांना घोड्या-डुकरांच्या रांगेत मोजू नये म्हणून तो झगडला आणि हरला. रोजनिशीत दोन ओळी आहेत: प्रयत्न केला, चालले नाही.

त्याच वर्षी बेटी गेली, तीच जी नरकाच्या भीतीने रडली होती. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये हॅनाही गेली. एक्केचाळीस वर्षांचा संसार संपला. १७१८ मध्ये तो वसाहतीच्या सर्वोच्च न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश झाला. दुसरी बायको लग्नानंतर सात महिन्यांत वारली. मग १७२० च्या शरद ऋतूत अडुसष्ट वर्षांचा स्यूअल साखर लावलेले बदाम घेऊन कॅथरिन विन्थ्रॉप यांच्या घरी जाऊ लागला. त्या बाईंना त्याने केसांचा टोप घालावा आणि घोडागाडी ठेवावी असे वाटे. त्याला टोपांचा मनापासून तिटकारा होता. गोष्ट तिथेच अडली. या बाई सेलमच्या न्यायालयातल्या त्याच्या सहकाऱ्याच्या विधवा होत्या, आणि १६९२ मध्येच त्या खटल्यांवर कडक टीका करणारे पत्र लिहिणारा थॉमस ब्रॅटल त्यांचा सख्खा भाऊ. बोस्टन एवढे लहान होते. सेलमचा विषय कोणाच्या ओसरीवर येणार नाही असे घर तिथे शोधूनही सापडले नसते. पुढे १७२२ मध्ये त्याने मेरी गिब्ज यांच्याशी तिसरे लग्न केले.

वसाहतीने १७११ मध्ये बावीस जणांवरचा दोषाचा शिक्का काढला आणि कुटुंबांना मिळून ५७८ पौंडांवर भरपाई दिली. लहानपणी साक्ष देणाऱ्या ॲन पटनमनेही त्याआधी, १७०६ मध्ये, चर्चमध्ये उभे राहून क्षमा मागितली होती. तीही पाद्र्याने वाचलेली, आणि तिच्यात फाशी गेलेल्या रिबेका नर्सचे नाव होते. स्यूअलच्या चिठ्ठीत जे नव्हते ते या तरुणीच्या चिठ्ठीत आले.

पाळण्यामागे लपलेला जोसेफ १७१३ मध्ये त्याच साउथ चर्चचा पाद्री झाला. चौदा मुलांपैकी तीनच बापाच्या मागे उरली: सॅम, जोसेफ आणि शेवटची जुडिथ. स्यूअल १ जानेवारी १७३० ला वारला.

त्याआधीची १७२० सालची एक नोंद. डॅनिएल नीलने लंडनमध्ये छापलेला न्यू इंग्लंडचा इतिहास त्याच्या हाती पडला. क्वेकर पंथीयांचा छळ आणि चेटकाचे खटले त्यात उघडे पडलेले पाहून त्याला दुःख झाले. मग त्याने पानांचे आकडे उतरवून घेतले: न्यायाधीशांची नावे पान ५०२, माझी कबुली पान ५३६. नावे खोडावीत असे तो म्हणत नाही. पुढे एवढेच मागतो, की ईश्वराने न्यू इंग्लंडला, मला आणि माझ्या कुटुंबाला वाचवावे.